वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातील छायाचित्रे रंगवताना

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. परतल्यावर १९४६ साली त्यांनी स्टुडिओत गणवेशात काढून घेतलेला कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. मोबाइलमधील एका अ‍ॅपने तो रंगवून पाहिला, तर गणवेश निळसर करडा झाला, चेहरा गोरापान झाला आणि छातीवरच्या फितींचा नुसता चिखल झाला. खरे रंग शोधायचे कसे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : अशा अ‍ॅपला असंख्य रंगीत चित्रे करडी करून दाखवतात आणि मूळ रंग ओळखायला शिकवतात. जिथे त्याला ठामपणे ठरवता येत नाही, तिथे ते शक्यतांची सरासरी काढते आणि ही सरासरी बहुधा मळकट तपकिरीच निघते. आपल्या आजोबांच्या छातीवर कोणत्या फिती होत्या, हे सरासरीवरून कळण्यासारखे नाही.

सुरुवात मात्र फितींपासूनच करावी, कारण त्यांचे रंग नक्की ठाऊक आहेत. ‘इटली स्टार’ या पदकाच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे सारख्या रुंदीचे पाच उभे पट्टे असतात, इटलीच्या ध्वजाचेच हे रंग. ‘१९३९–४५ स्टार’ या पदकाच्या फितीत गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन पट्टे असतात व त्यांपैकी गडद निळा छातीच्या मध्याकडे येतो. आता भिंग घेऊन ही दुसरी फीत पाहावी. लाल पट्टा जवळजवळ काळा आणि गडद निळा मात्र त्याहून फिकट दिसत असेल, तर फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर किंवा काचेवर काढला आहे असे समजण्यास जागा आहे. या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता येई. तिच्यावर लाल वस्तू काळपट आणि निळी वस्तू फिकट उतरते. जुन्या फोटोंत आजीचे कुंकू काळेभोर दिसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसत असल्याने तिच्यावर असा उलटा प्रकार होत नाही.

म्हणजे स्टुडिओवाल्याने कोणती फिल्म वापरली, हे सांगायला आज कोणी नसले तरी फीत ते सांगते, आणि एकदा ते कळले की बाकीच्या फोटोचा हिशेब लागतो. ऑर्थो फिल्मवर ओठ व सावळी त्वचा प्रत्यक्षापेक्षा गडद येतात. तेव्हा आजोबांचा वर्ण ठरवताना फोटोतील काळेपणावर विसंबू नये, त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारावे.

गणवेशाच्या बाबतीत कापड पाहावे. बाह्यांवर इस्त्रीची धारदार घडी आणि गुळगुळीत पोत दिसला, तर ते सुती खाकी ड्रिल, म्हणजे वाळूसारखा फिकट रंग. कापड जाड, लवदार आणि कोपरापाशी चुणलेले असेल, तर तो इटलीतील थंडीत वापरला जाणारा लोकरी बॅटलड्रेस आणि त्याचा रंग हिरवट झाक असलेला तपकिरी. शंका उरल्यास बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून पाहावे.

कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. फोटो निदान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करून टिफ फाइल जपून ठेवावी, आणि जिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा थर घेऊन त्याला ‘कलर’ मोड द्यावा. मग उजेड-सावली मूळ फोटोची राहते आणि रंग तेवढा आपला चढतो. चेहरा एका रंगात कधीही रंगवू नये. कान, नाक आणि बोटांची पेरे तांबूस असतात, तर दाढी केलेल्या हनुवटीवर निळसर-करडी झाक असते. माझा स्वतःचा पहिला चेहरा याच चुकीमुळे शाडूच्या रंगवलेल्या मूर्तीसारखा दिसला होता!

प्रश्न : पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांचे फोटो मी छंद म्हणून रंगवतो. माझा मित्र म्हणतो, ही इतिहासाची मोडतोड आहे. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मित्राचे म्हणणे मला अर्धे पटते. ते युद्ध करडे नव्हते. ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा १९०७ पासून बाजारात होत्या. बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण पसरलेल्या या काचांवर फ्रेंच लष्कराच्या छायाचित्रकारांनी प्रत्यक्ष युद्धकाळात रंगीत फोटो काढले. काचेला प्रकाश फार वेळ द्यावा लागत असल्याने त्यांत धावपळ नाही, पण सैनिकांचे कपडे, तंबू आणि पडक्या भिंती आहेत. रंग भरण्याआधी तासभर ते पाहावेत. भारतीय सैनिकांसाठी छायाचित्रकार गर्डवूड यांनी १९१५ साली फ्रान्समध्ये काढलेले, ब्रिटिश लायब्ररीत असलेले फोटो उपयोगी पडतील. आघाडीवरचे फेटे बहुतेक खाकीच असत. तिथे केशरी-गुलाबीचा मोह आवरावा.

मोडतोड कशाला म्हणायची, हे २०२१ साली स्पष्ट झाले. कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगात, जिथे हजारो कैद्यांना छळून मारले गेले, कैद्यांचे जे फोटो काढले गेले होते, त्यांतील काही रंगवताना चेहऱ्यांवर हसू चढवले गेले; कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला आणि ती चित्रे मागे घ्यावी लागली. तिथे आक्षेप केवळ रंगाला नव्हता, बदललेल्या चेहऱ्यांना होता. म्हणून कागदाची चीर बुजवायला माझी हरकत नाही, पण गालावरचा व्रण, मळलेले बँडेज, सैनिकाची थकलेली नजर यांना हात लावू नये. रंगीत प्रत कृष्णधवल प्रतीशिवाय कोणाला देऊ नये आणि तिच्या खालच्या कडेवरच लिहावे : ‘रंग नंतर भरले आहेत. गणवेश कागदपत्रांवरून, त्वचा व मागची भिंत अंदाजाने.’