स्लाइड शेवटची चार बोटे आत येत नसेल, तर मोटरआधी फट तपासावी

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे: पाचगणीजवळ मित्राच्या शेतात काही दिवस उभ्या असलेल्या मोटरहोमची डावी स्लाइड, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, आत घेताना पुढचा कोपरा जवळपास बसला, मागचा मात्र चार बोटे बाहेरच राहिला. बटण दाबले की मोटर गुरगुरते, आतले दिवे मंद होतात आणि दोन-चार सेकंदांत सगळे थांबते. गाडी २४ व्होल्टच्या बस चासीवर बांधलेली आहे. स्लाइडच्या खाली दोन दातेरी पट्ट्या, एकच मोटर आणि पुढच्या-मागच्या पिनियनला (पट्टीवर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) जोडणारा एक आडवा शाफ्ट आहे. मोटर गेली आहे का आणि स्लाइड दोराने बांधून उद्या पसरणी घाटाने साताऱ्याला आणता येईल का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: आणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते आणि बसची बॉडी मुळातच त्या मर्यादेजवळ असते, हा त्यातला कायद्याचा भाग झाला. त्याहून मोठी अडचण अशी की अर्धवट बसलेल्या स्लाइडचे सगळे वजन वळणावर त्या दोन पट्ट्यांवर आणि मोटरच्या ब्रेकवर येते, आणि पसरणीत वळणे कमी नाहीत. दोर ताणला जातो, सैल होतो आणि प्रत्येक सैलपणात स्लाइड थोडी थोडी बाहेर सरकते. त्यामुळे गाडी आहे तिथेच ठेवून स्लाइड आधी पूर्ण आत घ्यावी. आपल्या वर्णनावरून ते जागेवर जमण्यासारखे दिसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा "मोटर गेलेली नाही" असे आहे, पण ते मोटरकडे पाहून कळत नाही, फटीकडे पाहून कळते. टेप घेऊन स्लाइडची बाहेरची कड आणि गाडीची भिंत यांच्यातले अंतर चार ठिकाणी मोजावे: पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली. चारही मापे सारखी आली, तर वीजपुरवठा कमी पडतो आहे, थांबण्याची मर्यादा चुकीच्या ठिकाणी आहे किंवा पूर्ण रुंदीभर काहीतरी आडवे आले आहे. खाली बसली आणि वर उघडी राहिली, तर स्लाइड कलली आहे. मग तिच्या खालचे रोलर, तिची लाकडी जमीन आणि गाडीची समपातळी बघावी लागते. पुढे बसली आणि मागे राहिली, म्हणजे आपल्यासारखे झाले, तर दोन बाजूंची चाल एकमेकींशी जुळलेली नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने या तिन्हींपैकी काहीच सुधारत नाही. तिसऱ्या प्रकारात तर प्रत्येक दाबणीसरशी पुढची बाजू तिरक्या खोलीला आणखी ओढते आणि पट्टीचे दात खाल्ले जातात. म्हणून बटणाचा प्रयोग आता थांबवावा.

दिवे मंद होतात यावरून बॅटरीवर संशय जाणे स्वाभाविक आहे आणि तो तपासून मोकळे होणे चांगले. स्लाइडला सर्वांत जास्त जोर शेवटच्या टप्प्यातच लागतो, कारण तेव्हाच चारही बाजूंचे रबर दाबले जाते. पुरवठा कमजोर असेल, तर स्लाइड निम्मा प्रवास निमूट करते आणि नेमकी अखेरीला अडते. ज्या कंट्रोलरना प्रवाह वाढला की "टोक आले" असे वाटते, ते अशा वेळी मोटर बंदही करून टाकतात. मल्टिमीटर बॅटरीवर नुसता टेकवून समाधान मानू नये. एकाने क्षणभर बटण दाबावे आणि दुसऱ्याने मोटरच्या टर्मिनलवर रीडिंग घ्यावे. १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीला १२.६ व्होल्ट दाखवते आणि चालू मोटरवर आकडा ११ च्या खाली घसरतो, असे दिसले तर त्याच वेळी बॅटरीवर किती राहते तेही बघावे. बॅटरीही घसरत असेल तर ती थकली आहे. बॅटरी टिकून राहते आणि मोटरपाशीच घसरते, तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंगच्या जोडावर गंज आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत हा दुसरा दोष फार आढळतो.

२४ व्होल्टच्या चासीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आपल्याकडच्या बॉडी बिल्डरांची जुनी खोड आहे. स्लाइडची मोटर १२ व्होल्टची असते आणि चासीच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मग त्यांपैकी एकीवरूनच तार काढून काम भागवले जाते. ती एक बॅटरी रिकामी होत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही वाया जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवलेला असेल, तर तो किती अँपिअरचा आहे ते त्याच्या पाटीवर वाचावे. दिवे आणि मोबाइल चार्जिंगपुरता घेतलेला कन्व्हर्टर स्लाइडच्या मोटरला पुरत नाही. स्लाइडला आतल्या भागाची स्वतंत्र बॅटरी असावी आणि स्लाइड हलवताना चार्जर किंवा जनरेटर चालू असावा.

तरीही आपल्या बाबतीत पुरवठा हे मूळ कारण मला वाटत नाही. मोटर एकच आहे आणि शाफ्टही एकच आहे, तेव्हा कमी व्होल्टेजने दोन्ही बाजू सारख्याच थकतील. एक बाजू पुढे जाऊन दुसरी मागे राहणार नाही. सांध्यांतल्या ढिलाईमुळे दोन बाजूंत बोटभर फरक पडू शकतो, चार बोटांचा फरक त्यात बसत नाही. मागच्या पिनियनला शाफ्टशी जोडणारी पिन तुटली असावी, किंवा पिनियनने पट्टीवरचे दात चुकवले असावेत. पुढची बाजू एकटीच तिरकी खोली ओढते म्हणून मोटर गुरगुरते, आणि जास्त प्रवाह खेचते म्हणून दिवे मंद होतात.

याची खात्री मार्करने होते. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. मागच्या सांध्यावर, शाफ्टवरून थेट पिनियनच्या बाहीपर्यंत जाईल अशी एक सरळ रेघ पांढऱ्या मार्करने ओढावी. आपण बाजूला झाल्यावर दुसऱ्याने अर्धा सेकंद बटण दाबावे. रेघ तुटून तिचा एक तुकडा शाफ्टबरोबर फिरला आणि दुसरा जागीच राहिला, तर पिन गेली. रेघ अखंड राहून पिनियन पट्टीवर खट्‌कन उडी मारत असेल, तर दात झिजले आहेत किंवा पट्टी पिनियनपासून लांब गेली आहे. रेघ अखंड राहिली आणि शाफ्टच जेमतेम हलून थांबला, तर मागे काहीतरी घट्ट अडकले आहे.

पिन तुटलेली निघाली तरी शोध तिथे थांबवू नये. पिन उगाच तुटत नाही. मागच्या कोपऱ्यात काहीतरी आडवे आल्यावर तुटते आणि ते काढले नाही तर नवीही तुटेल. पाचगणीत मी पहिल्यांदा स्लाइडच्या छतावर चढून बघेन. तिथल्या सिल्व्हर ओकची वाळलेली पाने आणि काटक्या उघड्या स्लाइडच्या छतावर साचतात, स्लाइड आत जाताना वरच्या रबराखाली ओढल्या जातात आणि कोपऱ्यात त्यांचा बोळा होतो. मग खालची कड बघावी, कारण जांभ्याची तांबडी माती ओली असताना पट्टीच्या दातांत भरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. मागच्या उभ्या रबराची ओठासारखी कड बाहेरच्या अंगाला असायला हवी ती आत गुंडाळली गेली आहे का, हेही बोट फिरवून बघावे; गुंडाळलेले रबर दुप्पट जाडीचे होते आणि तेवढ्यानेही कोपरा अडतो. गाडीच्या आत गादीचा कोपरा, अर्धवट उघडा ड्रॉवर, स्लाइडच्या मागे घरंगळलेली पाण्याची बाटली असल्या क्षुल्लक वस्तू निघतात आणि वाई-मेणवलीला चित्रीकरणासाठी येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये तर बहुतेक वेळा कपड्यांचा हँगरच निघतो.

शेतातली जमीन सपाट नसणार, हेही लक्षात घ्यावे. एक मागचे चाक खड्ड्यात असेल तर चासी किंचित पिळते आणि भिंतीतली चौकट काटकोनात राहत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत; त्यांत फरक आला तर खालच्या चाकाखाली फळ्या सारून गाडी सरळ करावी. पण स्लाइड बाहेर असताना एकाच कोपऱ्याला जॅक लावून गाडी उचलू नये, त्याने पीळ वाढतो.

अडथळा निघाला की हाताने आत घेण्याची पाळी. आधी मोटरचा मुख्य पुरवठा तोडावा. मग मोटरच्या मागचा ब्रेक सोडण्याचा खटका फिरवावा आणि शाफ्टच्या किंवा मोटरच्या षटकोनी टोकाला गोटी पाना लावून अर्धा-अर्धा फेरा द्यावा. आपल्याकडे मागची पिन तुटलेली असेल, तर पान्याने फक्त पुढची बाजू हलेल. म्हणून पुढची बाजू आधी थोडी बाहेर घेऊन खोली सरळ करावी, आणि नंतर एकाने पाना फिरवताना दोघांनी मागचा कोपरा बाहेरून ढकलत न्यावा. ढकलताना हात खालच्या लोखंडी चौकटीवर असावेत. पत्र्यावर किंवा खिडकीवर जोर दिला तर पत्रा दबतो आणि खिडकीचा डिंक सुटतो. दुसऱ्या गाडीचा बंपर लावून ढकलण्याची सूचना शेतात कुणीतरी करतोच, ती मानू नये. चारही मापे जुळली की ब्रेकचा खटका न विसरता पुन्हा लावावा, कारण तो सुटा राहिला तर वळणावर स्लाइड आपली आपण बाहेर येते. प्रवासाचे लॉक गाडीला असेल तर ते, नसेल तर आतून स्लाइड आणि समोरची भक्कम चौकट यांच्यामध्ये मापाचा लाकडी दांडा घट्ट बसवावा. मग घाट सावकाश उतरायला हरकत नाही.

ज्यांच्या स्लाइडची रचना वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. भिंतीत दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असेल, तर तिरकेपणा बहुधा दोन मोटरींचा मेळ बिघडल्याने येतो आणि उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने स्लाइड पूर्ण बाहेर व पूर्ण आत नेऊन तो जुळवता येतो. हायड्रॉलिक स्लाइडमध्ये तेलाची पातळी स्लाइड आत असतानाच बघावी. बाहेर असताना टाकी भरली तर आत येताना सिलिंडरमधले तेल परत येऊन टाकी वाहते. केबलच्या स्लाइडमध्ये तुटलेले तंतू आणि सैल पडलेली केबल शोधावी.

पट्टीच्या दातांना ग्रीस लावू नये, इंजिनचे जुने तेल तर मुळीच नको. तांबडी धूळ त्यात मिसळून कानशीसारखी घासते. दात ब्रशने कोरडे साफ करून सुकणारे स्प्रे वंगण मारावे आणि रबराला सिलिकॉन स्प्रे लावावा.

नवी पिन साताऱ्याच्या एमआयडीसीत कोणताही लेथवाला करून देईल. मात्र त्याला "चांगली मजबूत कर" असे सांगू नये, कारण जोर वाढल्यावर आधी पिनने तुटावे आणि शाफ्ट, पिनियन व मोटर वाचावी, यासाठीच ती मऊ ठेवलेली असते. कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी पट्टीचे दात जातील. जुन्या पिनचे दोन्ही तुकडे काढून जपून ठेवावेत आणि त्याला दाखवावेत. व्यास, लांबी आणि धातू त्यांच्यावरूनच ठरेल.