पांढऱ्या माशीच्या कुप्या एकत्र ओतू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर आणि दिव्याच्या रुळांलगतच्या भेंडीवरून डीएनए तपासणीसाठी पांढरी माशी गोळा केलीत, आणि प्रयोगशाळा म्हणते, ‘जिल्हा एक, कीड एक, मग नमुनाही एकच द्या.’ वाचून राहवलं नाही. नवी मुंबईतल्या एका कार्यालयात मी हेच ऐकलंय.

मी गावनिहाय कुप्या दिल्या होत्या, प्रत्येकीत चिठ्ठी. त्यांच्या अर्जात ठिकाण म्हणून फक्त जिल्ह्याचा रकाना, म्हणून आवक टेबलावरच सगळ्या माश्या एका बाटलीत ओतल्या. मला विचारलंसुद्धा नाही. त्या एकत्र वाटून डीएनए काढला. डीएनएचा क्रम दाखवणाऱ्या आलेखात जागोजागी एकावर एक दोन शिखरं आली आणि अहवालावर शेरा पडला, ‘नमुना दूषित’. अहो, वेगवेगळ्या गटांच्या माश्या एकत्र वाटल्यावर दुसरं काय दिसणार? कुठली माशी कोणत्या गावची, हे कायमचं गेलं. वर उत्तर काय, तर पुढच्या हंगामात आणा. पुढच्या हंगामात त्यातल्या कित्येक शेतांत भेंडी नव्हतीच. आजही संताप येतो.

बेमिसिया टॅबासी हे पांढऱ्या माशीचं शास्त्रीय नाव एक असलं तरी त्याखाली तीसहून जास्त प्रजाती दडल्यात. भिंगाखाली सगळ्या सारख्याच. ओळख पटवायला वापरतात त्या सीओआय जनुकात साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त फरक असला की वेगळी प्रजाती धरतात. आपल्याकडे आशिया-१, आशिया-२-१ असे देशी गट आहेतच, शिवाय १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारला बाहेरून आलेला एमईएएम-१ (मिडल ईस्ट-एशिया मायनर १) हा गट सापडला. कीटकनाशकाला दाद देण्यात आणि विषाणू पसरवण्यात हे गट सारखे नाहीत. ही माशी पसरवते त्या हळद्या रोगाने भेंडी पिवळी पडलेल्या शेतकऱ्याला हा फरक महाग पडतो.

म्हणून माझं ठाम मत: एका माशीचा डीएनए एका नळीत. एका झाडावरून एकच माशी घ्या, नाहीतर सख्ख्या बहिणीच मोजत बसाल. माद्याच निवडा, नर अफलित अंड्यातून येतो, त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. आणि सीओआय फक्त आईकडचा वारसा दाखवतो, संकर त्यावरून कळत नाही.

मी गोळा करणाऱ्यांपैकी, प्रयोगशाळेतला नव्हे. त्यामुळे रसायनांचं प्रमाण तुमच्या मार्गदर्शकांनाच विचारा.

वाशीच्या मार्केटमधली पानं ‘ठाणे’ म्हणून लावू नका. तिथे माल कुठून कुठून येतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, इथेनॉलमध्ये शाई धुऊन जाते. पावतीवर गावांची नावं आणि कुप्यांची संख्या लिहून घ्या. आणि प्रत्येक गावच्या निम्म्या माश्या इथेनॉलमध्ये, फ्रीजरमध्ये, स्वतःच्या ताब्यात ठेवा. कितीही मागितल्या तरी त्या देऊ नका.