गंडा काढायला लावला? आधी तारीख लिही

मॅनेजरने मनगटावरचा गंडा काढायला लावला म्हणून लगेच राजीनामा खरडू नकोस रे. त्याच रात्री घरच्या वहीत टिपून ठेव: तारीख, वेळ, त्याचे नेमके शब्द, शेजारी कोण उभं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, तो कधीही काढून घेतात. मग एचआरला ईमेल. तोंडी बोललेलं पुढे कुणालाच आठवत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत केंद्राच्या ईईओसीकडे (नोकरीत धर्म वगैरेंवरून होणारा भेदभाव तपासणारा आयोग) तक्रारीला ३०० दिवस मिळतात, राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे मात्र १८०च. मी ‘जाऊ दे’ म्हणत सात महिने घालवले, राज्याची मुदत हातची गेली. आणि हो, दिवाळीची सुट्टी नाकारली तर अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा २०२३चा ग्रॉफ निकाल वाच: धंद्याला मोठा भुर्दंड पडेल हे कंपनीने दाखवायचं असतं, सहकाऱ्यांची कुरकुर पुरत नाही.