‘गीतकार’ म्हटले की चाल सुटते

‘क्वीन’ या रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा परिचय मराठीत लिहिताना ‘सॉन्गरायटर’साठी ‘गीतकार’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते एकटा ‘गीतकार’ येथे अपुरा पडतो. गदिमा गीतकार आणि सुधीर फडके संगीतकार, ही वाटणी आपल्या कानात इतकी मुरली आहे की ‘गीतकार फ्रेडी मर्क्युरी’ असे वाचताच चाल दुसऱ्या कोणाची तरी असेल, असे वाचक धरून चालतो.

वस्तुस्थिती तशी नाही. 1946 मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मलेले मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले, तेथे पियानोही शिकले आणि ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदातही होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी ग्राफिक आर्ट आणि डिझाइनचे शिक्षण घेतले, ‘क्वीन’चे बोधचिन्ह स्वतः रेखाटले, आणि 1988 मध्ये ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह ‘बार्सिलोना’ हा अल्बमही केला. 1975 च्या, जवळजवळ सहा मिनिटांच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि पियानोही त्यांचाच आहे.

‘त्यांनी शब्दांना चाल लावली’ असे लिहिणेही जपूनच करावे, कारण ‘चाल लावणे’ म्हटले की शब्द आधी तयार होते, असे गृहीत धरले जाते. मर्क्युरींना बहुधा चाल आधी सुचे. ‘किलर क्वीन’चे शब्द आधी आले, हा त्यांनी स्वतः सांगितलेला अपवाद आहे.

शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘वाग्गेयकार’ ही जुनी संज्ञा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त तिची व्याख्याच दिली आहे: ‘वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः’. शब्द मला फार प्रिय आहे, परंतु त्याला शास्त्रीय संगीताचा गंध इतका चिकटला आहे की रॉक गायकापुढे तो अवघडून उभा राहतो. म्हणून नामाचा आग्रह सोडून क्रियापदाकडे वळावे, असे मी सुचवेन. ‘गाणे लिहिले’ यात केवळ शब्द येतात, ‘गाणे रचले’ यात दोन्ही सामावतात. ‘क्वीनचे गायक आणि अनेक गाण्यांचे रचनाकार’ हे मराठीत सहज बसते.

त्यातील ‘अनेक’ मात्र गाळू नये. ‘क्वीन’चेच ‘वी विल रॉक यू’ त्यांचे बँडमधील सहकारी ब्रायन मे यांनी रचले आहे आणि ‘रेडिओ गा गा’ दुसरे सहकारी रॉजर टेलर यांनी.