वाचकांचे प्रश्न : ‘कोठवर?’ असंही देवाला विचारता येतं

प्रश्न : मी नवापूर तालुक्यातली, वय 24. साखरपुड्यानंतर आठ महिन्यांनी मुलाने सुरतेहून फोन करून लग्न मोडलं. त्याचे आईवडील आमच्याच चर्चच्या मंडळीत आहेत, दर रविवारी समोर दिसतात. सगळे म्हणतात, क्षमा कर, प्रभूवर सोड. पण प्रार्थनेला बसले की तोंडून शब्द निघत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही, ताई. देवाला फक्त उपकारस्तुतीच चालते असं मनावर ठसलेलं असतं, आणि तसे शब्द आत्ता तुमच्याजवळ नाहीत, एवढंच झालंय. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. तुम्हीही गाऱ्हाण्यापासूनच सुरुवात करा.

स्तोत्र 13 काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच क्रम धरून वहीत चार वाक्यं लिहा : देवाला हाक, काय झालं ते, काय हवं ते, आणि आज जेवढा भरवसा उरलाय तेवढाच. दुसरं वाक्य सगळ्यांत अवघड, आणि बहुतेक जण तेच गाळतात. ‘मला दुःख झालं’ एवढ्याने भागत नाही. ‘बस्ता झाला होता, पत्रिका वाटल्या होत्या, आणि त्याने दोन मिनिटांच्या फोनवर सगळं संपवलं’ असं लिहा. घरी मावची बोलत असाल तर मावचीतच लिहा. रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत गाऱ्हाणं खरं उतरतं. चौथं वाक्य सुचलं नाही तर जागा कोरी ठेवा. स्तोत्र 88 तर काळोखातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

हे दिवेलागणीच्या आधी करा, 15-20 मिनिटं, लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि वही मिटा. झोपायच्या वेळी केलंत तर झोप उडेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याचं स्टेटस एकदा पाहिलं की आठवड्याची मेहनत वाया जाते. कौल लावल्यासारखं बायबल कुठेही उघडून ‘तो परत येईल का’ याचं उत्तर शोधू नका. कुणी ‘प्रभूने मला दाखवलं, तो येणार’ म्हणालं, तर त्या शब्दावर लग्न थांबवून बसू नका.

आता क्षमेचं. ती सांगितलेलीच आहे, पण लोक तिची घाई करतात. बायबलमधला योसेफ, भावांनी त्याला विकलं तेव्हा 17 वर्षांचा होता. ‘मी योसेफ’ असं त्याने त्यांना सांगितलं ते सुमारे 22 वर्षांनी, आणि त्याआधी गोणीत रुप्याचा प्याला लपवून ते बदललेत का हे पारखून घेतलं. सूड सोडून देणं वेगळं, पुन्हा विश्वास टाकणं वेगळं. पहिलं तुम्ही एकट्या प्रभूपुढे करू शकता. दुसऱ्यासाठी समोरच्याने बदलावं लागतं. त्याच्या आईला पाहून छाती भरून येते, म्हणजे क्षमा केली नाही, असं समजू नका.

चर्चमधली जागा बदला, बाजूच्या दाराजवळ बसा. हा विषय प्रार्थनेची विनंती म्हणून सभेत सांगू देऊ नका. रविवारी सांगितलेलं सोमवारी खांडबारा-विसरवाडीपर्यंत पोचतं. पाळकीणबाई (पाळकांची पत्नी) किंवा एखादी पोक्त बाई, अशी एकच व्यक्ती निवडा आणि तिला आधीच सांगा, ‘उपदेश नको, फक्त शेजारी बसा.’ बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस न बोलता त्याच्याजवळ बसले होते. ते बोलायला लागले तिथून बिघडलं.

नवीन स्थळ लगेच पाहू नका. वहीतलं दुसरं वाक्य आपोआप आखूड होऊ लागेल, तोवर थांबा.

प्रश्न : धुळ्याहून एक आई. मुलाची बायको सोडून गेली. तो 27 वर्षांचा आहे. तीन-तीन दिवस उपास करतो, रात्रभर प्रार्थना करतो, छातीत दुखतं म्हणतो. महिना झाला. अडवलं तर पाप लागेल का?

उत्तर : अडवा, मावशी, आजच. एलीया संदेष्टा ‘मला मरण दे’ म्हणून रतामाच्या झुडपाखाली पडला होता (1 राजे 19), तेव्हा देवदूताने त्याला आधी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून खाऊ घातलं. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देवाने फार नंतर विचारला. तुमच्या मुलाचंही आधी जेवण, मग झोप, मग बाकीचं.

एकदम भरलं ताट देऊ नका. पातळ खिचडी, नाहीतर दुधात कुस्करलेली अर्धी भाकर, दर तीन-चार तासांनी. छातीच्या दुखण्याला ‘मनाचं आहे’ म्हणून सोडू नका, ईसीजी काढून घ्या. मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ खरोखर कमजोर पडू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक आणि कामातलं मन गेलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका. गोळी घेतल्याने प्रार्थना खोटी ठरत नाही.

आणि त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका आणि 14416 वर फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : अमळनेरहून. मी ख्रिस्ती नाही, पण मन फार मोडलंय. चर्चमध्ये नुसतं बसलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसा. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी जागेवर बसून राहिलात तर कुणी वाईट वाटून घेत नाही. बाप्तिस्म्याचा निर्णय मात्र या दुःखाच्या भरात घेऊ नका, आणि कुणी घाई केली तर ‘थांबा’ म्हणा. घरी योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय वाचा. मेलेल्या लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी लाजराची बहीण मरीया रडताना पाहून तो आधी रडला.