अपडेटनंतर कर्नल पॅनिक : बोर्ड टाकू नका, बूट पार्टिशन बघा

तुमच्या पोस्टमध्ये दुकानदाराने तुम्हाला दिलेलं ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ हे उत्तर वाचलं आणि जुनी चीड वर आली. रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक, त्याच्या लिनक्सच्या ६४-बिट बुल्सआय आवृत्तीवरच चढवलेली पुढची आवृत्ती बुकवर्म, ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून अर्ध्यात थांबलेलं अपडेट आणि रीबूटनंतर कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) सुरू होतानाच बंद पडणं. अगदी हेच दुखणं माझ्याकडून एका सर्व्हिस काउंटरवर गेलं होतं. तिथे एचडीएमआयची वायरसुद्धा न जोडता बोर्ड मेल्याचं सांगितलं आणि ‘तपासण्यासाठी’ एसडी कार्ड (पायचं सगळं सॉफ्टवेअर आणि डेटा ज्यावर असतो ते) फॉरमॅट करून टाकलं. बोर्ड धडधाकट होता, गेला तो डेटा. म्हणून आधी एवढंच ऐका : कार्ड कुणाच्या हातात देऊ नका.

स्क्रीनवर पॅनिकची अक्षरं उमटली म्हणजे प्रोसेसर, रॅम, फर्मवेअर (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) बहुधा सगळं चाललं आहे. तरी शंका असेल तर कार्ड काढा, पॉवरच्या यूएसबी-सी जवळच्या एचडीएमआय पोर्टला मॉनिटर लावा आणि वीज द्या. बूटलोडरची (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) माहितीची स्क्रीन आली की बोर्ड मेलेला नाही.

खरं कारण बहुधा बूट पार्टिशनमध्ये, म्हणजे कार्डावरच्या सुरुवातीच्या फाइलींच्या छोट्या भागात आहे. बुल्सआयच्या इमेजमध्ये (कार्डावर चढवायच्या तयार प्रतीत) ते २५६ एमबीचं असायचं, बुकवर्ममध्ये ५१२ एमबी केलं. जागच्या जागी अपग्रेड केल्यावर जुना आकार तसाच राहतो. त्यात ६४-बिट बुकवर्म पाय ४ साठी एक आणि पाय ५ साठी एक असे दोन कर्नल ठेवतं, दोन्हींचे इनिट्रॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) वेगळे. नवी फाइल लिहिताना जागा संपते, ती अर्धवट राहते आणि पुढच्या बूटला कर्नल तिच्यावरच अडखळतो.

कार्ड लॅपटॉपला लावा. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ विचारेल, कारण त्याला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही. नाही म्हणा, प्रत्येक वेळी. शक्य असेल तर आधी अख्ख्या कार्डाची इमेज काढून ठेवा. मग बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ‘ऑटो_इनिट्रॅमएफएस=१’ या ओळीपुढे # टाका. रास्पबेरीच्या कर्नलमध्ये एसडी कार्ड आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) यांचे ड्रायव्हर आतच असल्यामुळे तो इनिट्रॅमएफएस शिवाय उठतो. मात्र सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन) ‘पार्टयूयूआयडी’ने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने दिलेला हवा, आणि ती फाइल एकाच ओळीत राहायला हवी. रूट एन्क्रिप्टेड असेल किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर) असेल तर हा उपाय करू नका.

मशीन उठलं की ‘२७१२’ नावाचे लिनक्स-इमेज पॅकेज पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढून टाका : मेटापॅकेज (नवी आवृत्ती ओढून आणणारं) आणि आवृत्तीचं, दोन्ही. ते पाय ५ चे आहेत. नुसत्या फाइली डिलीट केल्यात तर पुढच्या अपडेटला परत येतील. हेच कार्ड कधी पाय ५ मध्ये घालणार असाल तर मात्र पर्ज न करता नव्या इमेजवर जा. नंतर अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करायला ‘डीपीकेजी --कन्फिगर -ए’, मग इनिट्रॅमएफएस नव्याने बनवायला ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’ चालवा. दोन्ही तक्रार न करता संपले, तरच # काढा.

उठलं पण वायफाय गायब, असं झालं तर ‘युनेम -आर’चा आकडा (चालू कर्नलची आवृत्ती) आणि /लिब/मॉड्यूल्स मधली (ड्रायव्हरची) फोल्डरं जुळवून पाहा. जुळत नसतील तर एफएसटॅब, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठल्या फोल्डरला जोडायचं (माउंट करायचं) ते सांगणारी फाइल तपासा. बुकवर्मला बूट पार्टिशन /बूट/फर्मवेअर वर माउंट केलेलं लागतं. तुमच्याकडे अजून /बूट असेल तर नवा कर्नल योग्य जागी पोहोचत नाही आणि बोर्ड जुन्याच कर्नलवर उठतो.

‘आरपीआय-अपडेट’ चालवा असं कुणीतरी नक्की सुचवेल. चालवू नका. तो चाचणीतले कर्नल आणि फर्मवेअर आणतो, आणि आधीच भरलेल्या पार्टिशनवर आणखी फाइली ओततो.

माझं मत विचाराल तर डेटा हाती लागल्यावर दुसऱ्या कार्डवर ताजी इमेज घाला. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाण्यासाठी रास्पबेरी पायवाले स्वतःही तोच मार्ग सुचवतात.