रिपोर्टमध्ये गाठ वाढलीय, मग शेक वाया गेला का?

मेंदूच्या गाठीला शेक, म्हणजे रेडिएशन, दिल्यानंतर काही महिन्यांनी पहिले एमआरआय होतात. ती फाईल घेऊन येणारे बहुतेक आईवडील हाच प्रश्न विचारतात.

त्यांतल्या एका आईची गोष्ट सांगते. मुलगी ९ वर्षांची. मेंदूत खोलवर, थॅलॅमसमध्ये पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, म्हणजे सावकाश वाढणारी गाठ. जागा अवघड, त्यामुळे ऑपरेशनमध्ये थोडीच निघाली. मग सोमवार ते शुक्रवार रोज १.८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप), असं ६ आठवड्यांत ५४ ग्रे रेडिएशन झालं. चार महिन्यांनी गावाजवळच्या सेंटरला एमआरआय केला. ‘गाठ मोठी दिसते, आजार वाढल्याची शक्यता’ या ओळीखाली बाईंनी पेनाने इतकी दाबून रेघ मारली होती की कागद फाटला होता.

“मॅडम, सासूबाई म्हणतात शेकानंच वाढलं. खरं का हो?”

मी आधी मुलीबद्दल विचारलं. सकाळी उलट्या? नाही. डोकं दुखतं? नाही. डाव्या हाताची पकड आधी ढिली होती, आता ती स्वतःच वेणीला रिबन बांधते. यातलं काहीच रिपोर्टात नव्हतं. रेडिऑलॉजिस्टकडे जुन्या सीडीही नव्हत्या.

सासूबाईंचं म्हणणं मला उडवून लावता येईना, कारण त्यात थोडं तथ्य होतं. शेकाने गाठीतल्या आणि भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. त्यांतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध, झिरपतं, तो भाग फिल्मवर पांढराशुभ्र चमकतो. सूज आली की आकारही वाढतो. वाढणारी गाठही अशीच चमकते. चित्रात झिरपणं दिसतं, पेशी जिवंत की मेलेल्या ते दिसत नाही. शेकामुळे दिसणाऱ्या या फसव्या वाढीला डॉक्टर ‘स्यूडोप्रोग्रेशन’ म्हणतात आणि या जातीच्या गाठीत ते चांगलंच आढळतं, कधी वर्ष उलटल्यावरसुद्धा. पर्फ्यूजन (गाठीतला रक्तप्रवाह पाहणं), स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं पाहणं), पेट स्कॅन यांची मदत होते, पण एका तपासणीवर निकाल लागत नाही.

“ताई, खरंच वाढलीही असू शकेल,” हेही मी त्यांना सांगितलं. खोटा धीर दिला की पुढच्या वेळी आपला शब्द कोणी धरत नाही.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, शेक संपल्यानंतरचा एमआरआय आणि हा नवा शेजारी लावून पाहिले. चमक वाढली होती ती शेकाच्या क्षेत्रातच, आणि मुलगी सुधारत होती. केमो सुरू न करता दोन महिन्यांनी त्याच मशीनवर पुन्हा एमआरआय करायचं ठरलं. ते दोन महिने बाईंना फार जड गेले. फोनवर त्या नुसत्या रडायच्या आणि मी ऐकायचे. पुढच्या एमआरआयमध्ये सूज ओसरली होती, त्यानंतरच्यात गाठ पहिल्यापेक्षा लहान. सगळ्यांचं असं होत नाही. काहींची गाठ खरोखरच वाढलेली असते, काहींना सुजेसाठी डेक्सामेथासोन किंवा बेव्हॅसिझुमॅब द्यावं लागतं.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक घराला मी सांगते: सगळ्या सीडी आणि रेडिएशन संपल्याच्या तारखेचा कागद एकाच पिशवीत ठेवा, आणि रिपोर्ट आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) दाखवल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मात्र मूल सकाळी उठून ओकायला लागलं, नव्याने तिरळं पाहू लागलं, तोल जाऊ लागला, सारखं पेंगू लागलं किंवा झटका (फिट) आला, तर पुढच्या एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी काढा.